एका संगणकावर दोन अँटिव्हायरस : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे खान्देशातून अलीकडे जी पत्रे आली, त्यांतील बऱ्याच पत्रांचा विषय मुळात एकच होता. संगणकावर सुरक्षेची दोन सॉफ्टवेअर एकत्र ठेवावीत का, आणि ठेवायची झाल्यास ती एकमेकांच्या कामात अडथळा कशी आणणार नाहीत, असे पत्रलेखकांनी विचारले आहे. म्हणून ही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता गाव आणि व्यवसाय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आमचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. बिलांसाठी घेतलेल्या संगणकावर विंडोज ११ आहे. विकणाऱ्याने त्याच वेळी एका कंपनीचे अँटिव्हायरस वर्षभराच्या लायसन्ससह टाकून दिले. दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने, “मामा, एकाच्या नजरेतून सुटलेले दुसरे पकडेल,” असे म्हणून दुसऱ्या कंपनीचेही टाकले. तेव्हापासून संगणक सुरू व्हायला फार वेळ लागतो, बिल छापताना मधेच अडकतो आणि दोन वेळा निळा पडदा येऊन बंद पडला. पैसे दोन्हींचे भरले आहेत. दोन्ही सुखाने नांदतील अशी काही सोय आहे का?
— दुकानदार, पाचोरा

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे तर्काला सोडून नाही. कोणतेही अँटिव्हायरस प्रत्येक नमुना पकडत नाही, आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज किंवा जर्मनीतील एव्ही-टेस्ट यांसारख्या चाचणी संस्थांच्या तक्त्यांतही निरनिराळ्या कंपन्यांचे गुण कमीअधिक असतात. तेव्हा दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून तपासणी करून घेण्याची कल्पना योग्यच आहे. अडचण येते ती दोघांनाही चोवीस तास जागे ठेवून एकाच फाइलवर हक्क सांगायला लावल्यामुळे.

अँटिव्हायरसची कामे ढोबळमानाने दोन असतात. आपण सांगू तेव्हा किंवा ठरलेल्या वेळी डिस्क चाळणे हे त्यांतले एक काम आहे. दुसरे काम म्हणजे रिअल-टाइम संरक्षण, ज्यात कोणतीही फाइल उघडली, लिहिली किंवा चालवली जाण्यापूर्वी तिला क्षणभर थांबवून तपासले जाते. या दुसऱ्या कामासाठी प्रत्येक कंपनी विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आपला एक फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे फाइलींच्या वाटेत उभा राहणारा छोटा प्रोग्राम, बसवते. अशा ड्रायव्हरांना मायक्रोसॉफ्ट क्रमांक नेमून देते. त्याला अल्टिट्यूड म्हणतात आणि अँटिव्हायरसांसाठी ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. ज्याचा क्रमांक मोठा त्याच्याकडे फाइल उघडण्याची विनंती आधी पोहोचते आणि तो मोकळे करील तेव्हाच ती खालच्याकडे जाते. म्हणजे एकावर एक फिल्टर असणे विंडोजच्या रचनेत गृहीतच धरलेले आहे. बॅकअपची आणि एन्क्रिप्शनची सॉफ्टवेअरही याच रांगेत उभी असतात आणि त्यांचे सहसा भांडण होत नाही.

भांडण होते ते एकाच पट्ट्यातल्या, एकच काम करणाऱ्या दोघांचे. आपण बिलाची फाइल उघडता तेव्हा पहिले अँटिव्हायरस ती अडवते आणि तपासण्यासाठी स्वतः वाचू लागते. हे वाचणे दुसऱ्याला नवी हालचाल वाटते, म्हणून तेही ती फाइल अडवते आणि स्वतः वाचू लागते, आणि त्याच्या वाचण्याची दखल पुन्हा पहिले घेते. एका उघडण्यासाठी डिस्कला अनेकदा फिरावे लागते आणि बिल छापणारा प्रोग्राम तोवर ताटकळत राहतो. एकाने झिप फाइल तपासण्यासाठी तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडवली आणि तिच्यात खरोखरच व्हायरस निघाला, तर दुसरे ती तात्पुरती प्रत पकडते आणि पहिल्याच्या हातातून काढून घेते. मग कोणी काय हटवले याचा हिशेब दोघांनाही लागत नाही आणि एकच इशारा पुन्हा पुन्हा येत राहतो. त्यातच, व्हायरसने आपल्याला बंद पाडू नये म्हणून प्रत्येक अँटिव्हायरस आपल्या प्रक्रियांना दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही, आणि या स्वसंरक्षणाला शेजारचे अँटिव्हायरसही परकेच असते. हे सारे कर्नलमध्ये चालत असल्यामुळे तिथे एखादा ड्रायव्हर चुकला की केवळ तो प्रोग्राम बंद न पडता सगळी विंडोज थांबते. आपल्याला दिसलेला निळा पडदा बहुधा याचाच परिणाम आहे.

म्हणून आपल्या दुकानाच्या संगणकावर दोन्ही जागी ठेवण्याची सोय शोधू नये, एक काढावे. कोणते काढावे हे ठरवताना ब्रँडपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : कोणाचे लायसन्स अधिक काळ उरले आहे, कोणाच्या मदतीसाठी जळगावात किंवा पाचोऱ्यातच माणूस मिळतो, आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर कोणासोबत विनातक्रार चालते. काढताना आधी इंटरनेटची तार काढावी, सेटिंग्जमधील ‘ॲप्स’च्या यादीतून ते अनइन्स्टॉल करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. एवढ्यावर थांबू नये, कारण नेहमीच्या अनइन्स्टॉलनंतर पुष्कळदा ड्रायव्हर मागे राहतो. क्विक हील, नॉर्टन, मॅकॅफी, अव्हास्ट, कॅस्परस्की, ईसेट या सर्व कंपन्यांनी आपापले उत्पादन समूळ काढण्यासाठी स्वतंत्र साधन दिलेले आहे. ते त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच, आणि इंटरनेट तोडण्यापूर्वी, उतरवून ठेवावे.

काही उरले आहे का हे पाहण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यात एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबावे. चालू असलेल्या फिल्टरांची नावे आणि त्यांचे अल्टिट्यूड यांची यादी येते. वर सांगितलेल्या पट्ट्यातला एखादा क्रमांक काढून टाकलेल्या कंपनीच्या नावाने अजून दिसत असेल, तर ते काढण्याचे काम अर्धवट राहिले आहे असे समजावे.

पैशांबद्दल सांगायचे तर बहुतेक लायसन्स एका संगणकावरून सोडवून दुसऱ्यावर लावता येते. घरी दुसरा संगणक असेल तर ते तिथे लावावे, म्हणजे भाच्याचाही मान राहील.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोजचे स्वतःचे डिफेंडरच आहे. मुलगा म्हणतो की ते पुरेसे आहे. शेजारी म्हणतात की फुकटातले काही कामाचे नसते. डिफेंडर ठेवून महिन्यातून एकदा दुसऱ्या कशाने तरी तपासले तर चालेल का?
— वाचक, नंदुरबार

उत्तर : चालेल, आणि दोन सॉफ्टवेअर एकत्र ठेवण्याची हीच सर्वांत निर्धोक रीत आहे. घरगुती वापरासाठी डिफेंडर पुरेसे आहे या आपल्या मुलाच्या मताशी मी सहमत आहे. शेजाऱ्यांचे मत एका जुन्या काळापुरते खरे होते. विंडोज ७ मधले डिफेंडर केवळ हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर शोधत असे आणि व्हायरससाठी मायक्रोसॉफ्टचेच सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळे उतरवावे लागे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हे पूर्ण अँटिव्हायरस झाले.

दुसऱ्या तपासणीसाठी, सांगितल्याशिवाय जागे न होणारे साधन निवडावे. मायक्रोसॉफ्टचे सेफ्टी स्कॅनर तसे आहे. ते इन्स्टॉल करावे लागत नाही, फक्त उतरवल्यापासून दहा दिवसांनी त्याची मुदत संपते, म्हणून दर वेळी नवे उतरवावे. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्तीही अशीच मागणीपुरती तपासणी करते. तिच्यासोबत चौदा दिवसांची सशुल्क सुविधांची चाचणी सुरू झालेली असू शकते आणि तेवढ्या काळात तिचे रिअल-टाइम संरक्षण जागे असते. ती चाचणी सेटिंग्जमधून बंद करावी किंवा मुदत संपू द्यावी. दोन तपासण्या मात्र एकाच वेळी लावू नयेत.

मायक्रोसॉफ्टने एक छोटे तपासणी साधन विंडोज अपडेटसोबत दर महिन्याला पाठवण्याचा प्रघात ठेवला आहे, म्हणजे काही प्रमाणात हे दुसरे मत आपल्या नकळत घेतले जातच असते. मुळात काही बिघडले असल्याची दाट शंका असेल, तर डिफेंडरमधला ‘ऑफलाइन स्कॅन’ वापरावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी, साधारण पंधरा मिनिटे चालतो आणि दडून बसलेल्या गोष्टी त्या वेळी सापडण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : लॅपटॉपवर विकतचे अँटिव्हायरस आहे. डिफेंडर आपोआप बंद होते असे वाचले होते, पण टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ चालू दिसते आणि पंखा घरघर करतो. ही टक्कर समजायची का?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : ते नाव डिफेंडरचेच आहे, पण त्यावरून लगेच टक्कर मानू नये. दुसऱ्या कंपनीचे अँटिव्हायरस विंडोज सिक्युरिटी सेंटरमध्ये आपली नोंद करते, तेव्हा विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर स्वतःहून बाजूला होते. आणि त्या कंपनीची मुदत संपली किंवा ते काढून टाकले, की डिफेंडर पुन्हा काम हाती घेते. आपले लायसन्स संपलेले नाही ना, हे आधी पाहावे. दुसरी शक्यता अशी की २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आलेली ‘लिमिटेड पिरिऑडिक स्कॅनिंग’ ही सोय कोणीतरी चालू केली असेल. तिच्यामुळे डिफेंडर पहारा देत नाही, अधूनमधून फक्त चाळणी करते. पंखा सहन होत नसेल तर ती बंद करावी.

आत्ता नेमका पहारा कोणाचा आहे हे ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून सेटिंग्जमधील ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ येथे दिसते. तिथे अँटिव्हायरसच्या खाली एकच नाव ‘चालू’ असले पाहिजे.

पंख्याचे म्हणाल, तर भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना लॅपटॉपचा पंखा घरघरणारच. तपासणीची वेळ पहाटेची ठेवावी आणि त्या वेळी लॅपटॉप चार्जरला लावून चालू राहील असे पाहावे.

प्रश्न : मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दिवसभर लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि ‘शॉर्टकट व्हायरस’ने हैराण केले आहे. म्हणून दोन अँटिव्हायरस टाकली, पण आता बोटांचे ठसे घेणारे यंत्र ‘डिव्हाइस नॉट रेडी’ म्हणते आणि लोक ताटकळतात. दोन्ही गोष्टी कशा साधाव्यात?
— सेवा केंद्र चालक, साक्री

उत्तर : या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही स्वतंत्रपणे देतो.

ठसा घेणाऱ्या यंत्रासोबत संगणकावर त्याची ‘आरडी सर्व्हिस’, म्हणजे यंत्रातला ठसा ब्राउझरकडे पोहोचवणारा प्रोग्राम, चालते. आधारच्या नियमानुसार ही सर्व्हिस त्याच संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर, १११०० ते १११२० या पोर्टांपैकी (जोडणीच्या क्रमांकित दारांपैकी) एखाद्या पोर्टवर ऐकत असते आणि ब्राउझरमधले पान तिच्याशी तिथे बोलते. अँटिव्हायरसमधले वेब संरक्षण सुरक्षित जोडण्यांच्याही मध्ये बसून मजकूर तपासते आणि त्यासाठी स्वतःचे प्रमाणपत्र विंडोजमध्ये घालते. दोन अँटिव्हायरसांनी असे केले की एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याला खोटे वाटते, ब्राउझर इशारे देऊ लागतो आणि अंतर्गत पत्त्यावरची जोडणीही मधेच तुटू शकते. एक अँटिव्हायरस पूर्ण काढल्यावर हा त्रास बहुधा थांबेल. तरीही थांबला नाही, तर उरलेल्याच्या सेटिंग्जमध्ये त्या यंत्राच्या सर्व्हिसला आणि अंतर्गत पत्त्याला वेब तपासणीतून वगळावे. सगळे वेब संरक्षण बंद करून काम भागवण्याची सवय काही केंद्रांत आढळते, ती मला मुळीच मान्य नाही. ज्या संगणकावरून लोकांच्या आधारचे व्यवहार होतात, तो अशा रीतीने उघडा टाकणे योग्य नव्हे.

आता पेन ड्राइव्ह. शॉर्टकट व्हायरस मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. ग्राहकाला आपला दाखला शोधायचा असतो, तो शॉर्टकटवर दोनदा क्लिक करतो आणि व्हायरस चालू होतो. म्हणजे इथे अँटिव्हायरस कमी पडण्याआधी आपली नजर फसते. त्यामुळे फाइल एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या फाइली आणि फाइलींच्या नावापुढची एक्स्टेन्शन (प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे) दिसतील असे करून ठेवावे. मग फोल्डरच्या चित्रामागे शॉर्टकट आहे हे लगेच कळते. पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर उघडण्याऐवजी त्यावर राइट क्लिक करून आधी तपासावा. शक्य असेल तिथे ग्राहकाकडून फाइल ईमेलने घ्यावी किंवा डिजिलॉकरमधून दाखवायला सांगावे, म्हणजे पेन ड्राइव्हचा प्रश्नच उरत नाही.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन मोफत मिळते. कोणते पेन ड्राइव्ह चालू द्यायचे हे त्यातून ठरवता येते. ते अँटिव्हायरस नसल्यामुळे आपल्या अँटिव्हायरसशी त्याचा तसा संघर्ष होत नाही. दुसऱ्या अँटिव्हायरसऐवजी असे वेगळ्या थराचे साधन जोडणे मला अधिक उपयोगाचे वाटते. त्याच केंद्रावर क्विक हील, ई-स्कॅन यांसारख्या भारतीय कंपन्यांची बॉट (संगणक गुपचूप दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) काढण्याची मोफत साधनेही ठेवलेली आहेत. ती मागणीपुरती चालवता येतात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर एका कंपनीचे अँटिव्हायरस आहे. आता लेखापरीक्षकांच्या सूचनेवरून दुसऱ्या कंपनीचे हालचालींवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर बसवायचे आहे. दोन्ही ठेवणे भाग आहे. संघर्ष टाळण्यासाठी काय करावे?
— पतसंस्था कर्मचारी, चोपडा

उत्तर : आपला प्रश्न वरच्या सर्वांपेक्षा वेगळा आहे, कारण इथे दोन्ही सॉफ्टवेअर जाणूनबुजून आणि निरनिराळ्या कामांसाठी ठेवायची आहेत. ते जमते, मात्र त्यासाठी तयारी करावी लागते.

पहिली गोष्ट बहुतेक जणांच्या लक्षात येत नाही. घरच्या विंडोजमध्ये डिफेंडर स्वतःहून बाजूला होते, पण विंडोज सर्व्हर २०१६ पासूनच्या सर्व्हर आवृत्त्यांमध्ये तसे होत नाही. तिथे दुसऱ्या कंपनीचे अँटिव्हायरस घातले तरी डिफेंडर जागेच राहते. म्हणजे आपण दोन मोजत आहात आणि प्रत्यक्षात तिसरेही पहाऱ्यावर असण्याची शक्यता आहे. ते ‘सर्व्हर मॅनेजर’मधून काढावे किंवा विंडोजच्या ‘ग्रुप पॉलिसी’तून बंद करावे. मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर फॉर एंडपॉइंट हे संस्थांसाठीचे सशुल्क उत्पादन घेतलेले असेल, तरच डिफेंडरला निष्क्रिय अवस्थेत, म्हणजे पाहणारे पण न अडवणारे, असे ठेवता येते. सर्व्हरवर तेही आपण स्वतः सांगावे लागते.

दुसरी गोष्ट कामाची वाटणी. नवे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला लेखी विचारावे की त्यातला फाइल अडवणारा भाग बंद ठेवून केवळ नोंद आणि निरीक्षण चालू ठेवता येते का. येत असेल तर फाइल तपासून अडवण्याचे काम जुन्या अँटिव्हायरसकडे राहू द्यावे. येत नसेल तर जुने काढावे आणि नव्याकडे दोन्ही कामे द्यावीत. दोघांनाही अडवण्याचा अधिकार देऊ नये.

तिसरी गोष्ट परस्परांना वगळणे. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वगळण्याच्या यादीत दुसऱ्याचे ‘प्रोग्राम फाइल्स’मधील फोल्डर, ‘प्रोग्रामडेटा’मधील फोल्डर, क्वारंटाइनची (पकडलेल्या फाइली कोंडून ठेवण्याची) जागा आणि त्याच्या चालू प्रक्रियांची नावे द्यावी लागतात. फक्त फोल्डर वगळून भागत नाही, कारण एक सॉफ्टवेअर जेव्हा तिसऱ्याच फाइलला हात लावते, तेव्हा दुसरे त्या प्रक्रियेकडे संशयाने पाहते. ही नावे अंदाजाने लिहू नयेत. दोन्ही कंपन्या आपल्या मार्गदर्शिकेत ती छापतात. एसक्यूएल सर्व्हर हे मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या माहितीच्या आणि नोंदीच्या फाइलीही वगळाव्यात, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे, म्हणजे दिवसअखेरच्या कामात डेटाबेस अडकत नाही. मात्र घाईत ‘सी’ ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचे फोल्डर संपूर्ण वगळलेले अनेक ठिकाणी पाहायला मिळते. वगळलेली जागा हल्लेखोरालाही सोयीचीच असते, म्हणून यादी जितकी आखूड तितके बरे, आणि यादी बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा.

हे सर्व आधी एका साध्या संगणकावर, सर्व्हरला हात न लावता करून पाहावे. या सावधगिरीला कारण आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, आणि तेही एकट्या सॉफ्टवेअरच्या कर्नलमधल्या भागामुळे. अशी दोन सॉफ्टवेअर असली की अशा अपडेटांचे दोन स्रोत होतात. म्हणून दोघांचे अपडेट एकाच वेळी लागू होणार नाहीत असे वेळापत्रक ठेवावे आणि बदल करण्यापूर्वी सर्व्हरचा बॅकअप घेऊन तो परत आणता येतो याची खात्री करावी.

मांडणी झाल्यावर चाचणीसाठी खरा व्हायरस लागत नाही. ईकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल ठरवून दिली आहे आणि बहुतेक सर्व अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात. ती संगणकावर ठेवून पाहावी. एकाचाच इशारा यावा. दोघांचेही आले, तर अडवण्याचा अधिकार अजून दोघांकडे आहे.

प्रश्न : किराणा होलसेलच्या पेढीवर चार संगणकांत टॅली जोडलेले आहे. एका संगणकावर नवे ‘टोटल सिक्युरिटी’ घातल्यापासून तिथून टॅलीचा डेटा उघडत नाही आणि प्रिंटरही सापडत नाही. अँटिव्हायरस एकच आहे, मग अडचण कुठे?
— व्यापारी, धुळे

उत्तर : अशा पूर्ण संचात अँटिव्हायरससोबत स्वतःची फायरवॉलही, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडण्यांना परवानगी देणारा किंवा अडवणारा भागही, असतो. साधारणपणे तो संच विंडोजच्या फायरवॉलची जागा रीतसर घेतो, पण आधीच्या एखाद्या सॉफ्टवेअरची फायरवॉल मागे उरलेली असेल किंवा विंडोजची फायरवॉल कोणी हाताने पुन्हा चालू केली असेल, तर दोन्ही काम करतात. अशा वेळी एकीने ‘जाऊ द्या’ म्हटले तरी दुसरीने अडवले की जोडणी होत नाही. म्हणून एका ठिकाणी टॅलीला परवानगी देऊनही फरक पडत नाही आणि माणूस चक्रावून जातो.

विंडोज सिक्युरिटीतील ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’मध्ये फायरवॉलच्या खाली किती नावे चालू आहेत ते पाहून एकच ठेवावी. त्यानंतर उरलेल्या फायरवॉलमध्ये पेढीच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ ठरवावे. ते ‘पब्लिक’ राहिले तर शेजारचा संगणक आणि प्रिंटर दिसत नाहीत, आणि दहातल्या निम्म्या तक्रारी मला तरी याच कारणाच्या वाटतात. टॅलीला आणि प्रिंटरला तिथे एकदाच परवानगी द्यावी. चारही संगणकांवर एकाच कंपनीचा संच असेल तर पुढच्या वेळी शोधाशोध कमी होईल.

प्रश्न : वसतिगृहातल्या मित्राने एका महागड्या अँटिव्हायरसची ‘क्रॅक’ केलेली आवृत्ती दिली आहे. आधीचे मोफत अँटिव्हायरसही आहे. दोन्ही ठेवू का?
— विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : क्रॅक केलेले आजच काढावे. अँटिव्हायरसला कर्नलमध्ये शिरण्याची मुभा असते, आणि ज्याने ते फोडले त्याने आत आणखी काय ठेवले हे कोणी तपासलेले नसते. शिवाय क्रॅक चालावा म्हणून बहुतेक वेळा आधीचे संरक्षण बंद करायला सांगतात किंवा क्रॅकचे फोल्डर वगळायला लावतात. आपण तसे केले असेल तर वगळण्याची यादी रिकामी करावी, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. मोफत अँटिव्हायरस किंवा डिफेंडर, यांपैकी एक ठेवले तरी आपले काम भागेल.

प्रश्न : मोबाइलवरही दोन अँटिव्हायरस ॲप एकमेकांशी भांडतात का? माझ्या फोनमध्ये तीन आहेत.
— गृहिणी, अमळनेर

उत्तर : संगणकासारखे भांडत नाहीत, कारण अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतःच्या कप्प्यात बंद असते आणि त्याला दुसऱ्या ॲपच्या आत शिरता येत नाही. त्याच कारणाने ती संगणकावरच्या अँटिव्हायरसाइतके कामही करू शकत नाहीत. तीन ॲप असल्याचा परिणाम एवढाच होतो की बॅटरी लवकर उतरते आणि सूचनांचा भडिमार होतो. गूगल प्ले प्रोटेक्ट २०१७ पासून फोनमध्ये आहेच. ते चालू आहे का हे प्ले स्टोअरमध्ये पाहावे आणि तिन्हींपैकी दोन तरी काढावीत. काढताना कोणत्या ॲपने ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेतली आहे ते अवश्य पाहावे. ती परवानगी असलेले ॲप पडद्यावरचे सर्व वाचू शकते, आणि आपण स्वतः न शोधता एखाद्या लिंकवरून किंवा फोनवर कोणी सांगितले म्हणून टाकलेले ‘सुरक्षा’ ॲप असेल तर तेच आधी काढावे. त्यानंतर बँकेच्या खात्यातून काही गेल्याचे दिसले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी.